एकाकी मुलगी आणि एकशृंगी घोडा : एलिझाबेथ गूज यांच्या ‘द लिटल व्हाइट हॉर्स’चे एक वाचन

प्रास्ताविक

बालसाहित्याकडे पाहण्याचा आपल्या समीक्षेचा दृष्टिकोन बहुतांशी उपयुक्ततेचा राहिला आहे. पुस्तकाने मुलावर कोणता संस्कार केला, त्याच्या ज्ञानात कोणती भर घातली, हे प्रश्न आधी विचारले जातात आणि अद्भुतरम्य कथेची बोळवण ‘निखळ करमणूक’ या दोन शब्दांत होते. अद्भुतकथा मुलाच्या मनातील एखाद्या खऱ्या दुःखाला स्पर्श करते काय, आणि करीत असल्यास त्या दुःखाचे ती नेमके काय करते, हा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो. प्रस्तुत लेखात एलिझाबेथ गूज (१९००–१९८४) या इंग्लिश लेखिकेच्या ‘द लिटल व्हाइट हॉर्स’ (१९४६) या कादंबरीच्या आधारे हा प्रश्न तपासण्याचा प्रयत्न केला आहे. या कादंबरीस १९४६ चे कार्नेगी पदक मिळाले. तिच्यावर आधारित ‘द सिक्रेट ऑफ मूनएकर’ हा चित्रपट २००८ मध्ये आला. हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी आपले बालपणीचे आवडते पुस्तक म्हणून तिचा उल्लेख केल्यामुळे अलीकडच्या पिढीचेही तिच्याकडे लक्ष गेले.

ही कादंबरी निवडण्यास आणखी एक निमित्त आहे. विश्रामबागेतील शालेय साहित्याच्या कोणत्याही दुकानात आज डोकावले तरी मुलींच्या दप्तरांवर, कंपासपेट्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर सप्तरंगी आयाळीचा युनिकॉर्न विराजमान झालेला दिसतो. प्राणी आपल्याकडे आला. त्याची गोष्ट मात्र आली नाही. ज्या प्राण्याला कुणी बाळगू शकत नाही अशी त्याची ख्याती, तोच घाऊक दराने विकला जावा, ही बाजाराची करामत म्हणावी लागेल. विशेष म्हणजे या प्राण्याचा माग काढीत गेल्यास तो फिरून भारतातच येऊन पोहोचतो.

एकशृंगाचा प्रवास

एका शिंगाच्या घोडेसदृश प्राण्याचे पाश्चात्त्य परंपरेतील जुने वर्णन क्टेसियस या ग्रीक वैद्याने इसवी सनापूर्वी सुमारे ४०० वर्षे लिहिलेल्या ‘इंडिका’ या ग्रंथात सापडते. हा गृहस्थ इराणच्या दरबारी होता. भारतात तो कधी आला नाही. भारतात घोड्याएवढी रानगाढवे असतात, त्यांचे अंग पांढरे, डोके लालसर, डोळे निळे असून कपाळावर दीड हात लांबीचे तिरंगी शिंग असते आणि त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्यास विष बाधत नाही, असे त्याने ऐकीव माहितीवरून नोंदविले आहे. या वर्णनामागे गेंडा असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वांत अधिक वेळा आढळणारी आकृती एकशृंगी प्राण्याचीच आहे. ती बाजूने दिसणाऱ्या बैलाची की खरोखर कल्पित प्राण्याची, याविषयी मतभेद आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या चार ब्राँझ शिल्पांत हत्ती, रेडा आणि रथ यांच्या जोडीला गेंडाही आहे.

या प्राण्याचा एकटेपणाशी असलेला संबंध मात्र शिंगाहून अधिक महत्त्वाचा आहे. ‘सुत्तनिपात’ या प्राचीन पाली ग्रंथातील खग्गविसाणसुत्तात भिक्षूला गेंड्याच्या शिंगाप्रमाणे एकट्याने विचरण्याचा उपदेश वारंवार केलेला आहे. येथे एकटेपणा हे साध्य आहे. महाभारताच्या वनपर्वातील ऋष्यशृंगाच्या आख्यानात तोच एकटेपणा वेगळ्या रूपाने येतो. विभांडक ऋषीचा हा पुत्र हरिणीच्या पोटी जन्मला, त्याच्या मस्तकावर शिंग होते आणि पित्याखेरीज दुसरे माणूस त्याने पाहिलेच नव्हते. अंगदेशात अवर्षण पडल्यावर राजा लोमपाद त्याला वनातून आणविण्यासाठी गणिका पाठवितो. त्यांतील एक तरुणी त्याच्यापाशी येते, त्याला मधुर खाद्ये देते, चेंडू खेळते आणि निघून जाते. पिता परतल्यावर ऋष्यशृंग तिचे वर्णन एका अपरिचित ब्रह्मचाऱ्याचे वर्णन म्हणून करतो, कारण स्त्री या वस्तूसाठी त्याच्यापाशी शब्दच नाही. एकाकी मुलाच्या मनाचे इतके मर्मग्राही चित्रण प्राचीन वाङ्मयात फार थोडे असेल. जातककथांतही हे आख्यान येते. दुर्गा भागवत यांच्या ‘सिद्धार्थ जातक’मुळे जातकांचे दालन मराठी वाचकास खुले झालेलेच आहे. हाइनरिख ल्यूडर्स यांनी १८९७ मध्ये या आख्यानाच्या विविध पाठांचा तौलनिक अभ्यास केला, आणि युरोपातील युनिकॉर्नच्या दंतकथेचा उगम या कथेत शोधण्याची एक परंपराच पुढे निर्माण झाली.

युरोपात या कथेचे रूप पालटले. ‘फिजिओलोगस’ या ख्रिस्ती प्राणिकथासंग्रहात युनिकॉर्न एवढा चपळ व उग्र आहे की शिकारी त्याला धरू शकत नाही; म्हणून वनात एका कुमारिकेला एकटी बसवून ठेवतात, तो येऊन तिच्या मांडीवर डोके टेकतो आणि पकडला जातो. पुढे सुमारे १५०० च्या सुमारास विणलेल्या व आज न्यूयॉर्क येथे असलेल्या प्रसिद्ध भित्तिपटांत ही शिकार आणि कुंपणात बंदिस्त झालेला युनिकॉर्न चित्रित झाला आहे. दोन्ही कथांतील साम्य लक्षणीय आहे. दोहोंत स्त्री हे आमिष आहे आणि ते लावणारे हात दुसऱ्याचे आहेत. फरक एवढाच की भारतीय कथेत शिंग आणि एकाकीपण एकाच देहात वसतात, तर युरोपीय कथेत एकटी बसविलेली मुलगी निराळी आणि शिंगवाला प्राणी निराळा. वनात बसविलेल्या त्या मुलीला काय वाटत असेल, याची पंचाईत त्या कथेने कधी केली नाही. गूज यांची कादंबरी नेमकी तेथून सुरू होते.

मूनएकरमधील एकाकी माणसे

कथेचा काळ १८४२ चा आहे. तेरा वर्षांची मारिया मेरीवेदर आईवडिलांच्या पश्चात लंडनमधील घर सोडून पश्चिम इंग्लंडमधील मूनएकर या वाड्यात दूरचे नातलग सर बेंजामिन यांच्याकडे राहावयास येते. सोबत मिस हेलिओट्रोप ही वृद्ध शिक्षिका आणि विगिन्स हा देखणा पण आप्पलपोटा कुत्रा. मारियाला कपड्यांचा सोस आहे, किंचित गर्व आहे, आणि लंडनमध्ये तिचा एकमेव सोबती रॉबिन नावाचा मुलगा होता, जो केवळ तिच्या कल्पनेतला असे मिस हेलिओट्रोप मानतात.

येथे क्षणभर थांबून मराठी संदर्भ पाहणे उचित ठरेल. १८४२ मध्ये आपल्याकडच्या तेरा वर्षांच्या मुलीचा एकाकीपणा कोणता होता? ती बहुधा सासरी नांदत होती. त्यामुळे मुलीच्या एकटेपणाचा मराठी आविष्कार बालकथेत न होता जात्यावरच्या ओव्यांत आणि भोंडल्याच्या गाण्यांत झाला. माहेरची वाट हीच तिची अद्भुतनगरी होती. (मारिया मूनएकरला पोहोचते त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. अद्भुताची आवड आपल्या गावाला नव्हती असे कोणी म्हणू नये. ते मुलींच्या वाट्याला आले नाही, एवढेच.) विसाव्या शतकात बालसाहित्य बहरले तेव्हाही ना. धों. ताम्हनकर यांचा अनाथ ‘गोट्या’ कुटुंबाच्या मायेत सामावला गेला, भा. रा. भागवतांचा बनेश फेणे साहसांच्या मागे धावला, आणि जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘बखर बिम्मची’मध्ये पशुपक्ष्यांशी बोलणारे एकटे मूल आले तेही मुलगाच. अद्भुतात एकटीने शिरणारी मुलगी भागवतांनीच लुई कॅरलच्या अॅलिसला ‘जाई’ करून आणली. कॅरलच्या आरशापलीकडच्या जगातही एक युनिकॉर्न आहे. त्याला माणसाचे मूल हाच एक दंतकथेतला प्राणी वाटतो. पण तेथे सारा खेळ तर्काचा आहे. अॅलिस एकटी असली तरी एकाकी नाही.

मारिया एकाकी आहे, आणि वाड्यात आल्यावर तिला हळूहळू कळते की तेथे एकाकी नसलेले कोणीच नाही. सर बेंजामिन यांच्या घरात वीस वर्षे स्त्रीचे पाऊल पडलेले नाही. त्यांची एकेकाळची वाग्दत्त वधू लव्हडे वाड्याच्या देवडीतच लपून राहते आणि न दिसता घराची काळजी वाहते. मिस हेलिओट्रोप यांच्या तरुणपणी दुरावलेला प्रियकर गावचा वृद्ध धर्मोपदेशक होऊन बसला आहे. पाइनच्या रानातील किल्ल्यात मस्य कॉक द न्वार हा वैरी आपल्या माणसांसह धुमसत राहतो. या साऱ्या दुराव्यांची कारणे लेखिका हळूहळू उघड करते, आणि ती विलक्षण क्षुल्लक निघतात. सर बेंजामिन व लव्हडे यांचे लग्न गुलाबी जिरेनियमच्या कुंड्यांवरून मोडलेले असते. मेरीवेदर आणि कॉक द न्वार या घराण्यांतील वैर तर शुद्ध भाऊबंदकी आहे. मूळ पुरुष सर रोल्फ याने चंद्रकन्या म्हणविल्या जाणाऱ्या मुलीशी विवाह केला तो तिच्या बापाच्या रानावर डोळा ठेवून. सासऱ्याला उतारवयात मुलगा झाल्यावर तो हिशेब फसला, मने विटली आणि ती आपल्या पांढऱ्या घोड्यावर बसून निघून गेली. बांधाच्या हातभर जमिनीपायी दोन घरांची बोलचाल पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिलेली आपल्या जिल्ह्यातील वाचकाला पाहून ठाऊक असते. त्याला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

गूज यांच्या कल्पनेचे बळ या निदानात आहे. एकाकीपणा हा नशिबाचा भाग न मानता त्या तो भांडणाचे फळ मानतात. मारियाचे आईवडील मेले हे नशीब. परंतु ती ज्या घरात येते ते घर एकाकी माणसांचे आहे, ही माणसांची करणी आहे. मुलीने करावयाचे काम त्यामुळे सोबती शोधण्याचे राहत नाही, ते तंटे मिटविण्याचे होते. देवाच्या नावची टेकडी पूर्वजाने मठवासीयांकडून बळकावली होती. ती परत देण्यास मारिया सर बेंजामिनना राजी करते. विहिरीत दडलेली मोत्यांची माळ तिला सापडते, ती अतिशय आवडते, आणि तरीही ती वैऱ्याला देऊन टाकते. कपड्यालत्त्याचा सोस असलेल्या मुलीच्या हातून लेखिका हे करविते. उपदेशाचा एक शब्द न उच्चारता त्या प्रसंगाला जे वजन येते, ते संस्कारकथांच्या लेखकांनी अभ्यासण्याजोगे आहे.

दिसणारा घोडा आणि बसायचा घोडा

मग युनिकॉर्नचे काम काय? हा प्रश्न कादंबरीच्या बांधणीतच आहे, कारण ज्याच्यावरून तिला नाव दिले तो घोडा तिच्यात फार थोडा वेळ दिसतो. मूनएकरच्या आवारात प्रवेश करताना पहिल्याच रात्री झाडांच्या गर्दीत, चांदण्यात, तो मारियाला ओझरता दिसतो आणि नाहीसा होतो. इतर प्राण्यांशी त्याची तुलना केल्यास लेखिकेचा हेतू स्पष्ट होतो. रोल्फ हा कुत्रा म्हणून वावरणारा सिंह, झकारिया हे मांजर, सेरेना ही सशाची मादी, पेरिविंकल हे तट्टू, या साऱ्यांना नावे आहेत. ते मारियाचे रक्षण करतात, निरोप पोहोचवतात, तिला पाठीवर घेतात. पांढऱ्या घोड्याला नाव नाही. तो मदतीला येत नाही, बोलत नाही, तिच्या मांडीवर डोके टेकवीत नाही. बसायचा घोडा पेरिविंकल. हा केवळ दिसायचा घोडा. रोजच्या सोबतीची गरज नावाच्या प्राण्यांनी भागते, आणि त्यांनी न भागणारी जी एक गरज उरते तिचे रूप हा अनामिक घोडा आहे, असे म्हणता येईल. आजच्या खेळण्यातल्या युनिकॉर्नहून तो सर्वस्वी भिन्न आहे. तो मुलीच्या मालकीचा होत नाही.

कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग उत्तरार्धातला. वैर संपवायचे असेल तर कॉक द न्वारला पुरावा हवा असतो. मारियाने आपला पांढरा घोडा पाहिला यावर त्याचा विश्वास नाही. तो दाखव, अशी त्याची अट. रात्रीच्या अंधारात ती दोघे पाइनच्या रानातून चालत जातात आणि तो शुभ्र घोडा दोघांनाही दिसतो. या दृश्याची मांडणी बारकाईने पाहावी. एक कुमारिका, एक शस्त्रधारी पुरुष, घनदाट रान आणि मध्ये युनिकॉर्न. ही भित्तिपटांतील शिकारीचीच मांडणी आहे. शिकाऱ्याला युनिकॉर्नपर्यंत नेणारी मुलगी येथेही आहे. मात्र येथे कोणी दोर काढीत नाही, कोणी भाला उचलत नाही. पाहणारा पुरुष शिकारी न राहता साक्षीदार होतो, आणि मुलगी आमिष न राहता वाटाडी होते. शेकडो वर्षे चालत आलेले चित्र लेखिकेने मोडतोड न करता आतून बदलले आहे. गूज यांनी हे जाणीवपूर्वक केले की नाही हा वादाचा विषय होईल. संहितेत ते आहे, एवढे निश्चित. रोलिंग यांच्या पहिल्या हॅरी पॉटर कादंबरीत जीव वाचविण्यासाठी युनिकॉर्नचे रक्त पिणारी आकृती येते, तिच्यासमोर हा प्रसंग ठेवला की दोन लेखिकांमधला आणि दोन काळांमधला फरक लक्षात येतो.

ऋष्यशृंगाच्या आख्यानाशी परिचय असलेल्या वाचकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवते. आपल्याकडे शिंग एकाकी मुलाच्याच मस्तकावर होते. ही स्मृती घेऊन कादंबरी वाचली तर पांढरा घोडा मारियाच्या बाहेरचा वाटेनासा होतो. तिच्यातील जे कोणालाही वाटून घेता येत नाही, ते तिला रानात दुरून दिसते आहे, असे वाटू लागते. कादंबरीची अखेर या वाचनाला पुष्टी देते. सर्व तंटे मिटले आहेत, रॉबिन खरा निघाला आहे, घर माणसांनी भरले आहे. तरीही मोठी झालेली मारिया त्या घोड्याचे स्वप्न पाहत राहते आणि एक दिवस तो आपल्याला घेऊन जाईल अशी खूणगाठ मनाशी बांधते. एकाकीपणा संपला, पण एकांत उरला. आणि तो लेखिकेने तिच्याकडून काढून घेतला नाही.

काही आक्षेप

या कादंबरीविषयी आक्षेप घेण्यास भरपूर जागा आहे. स्त्रियांनी फार चौकशी करू नये, असे मारियाला वडीलधाऱ्यांकडून पुनःपुन्हा सांगितले जाते, आणि लेखिकेचा स्वर त्या उपदेशाची थट्टा करतो की त्याला दुजोरा देतो हे कळू नये इतका मवाळ आहे. मारियाने प्रश्न विचारले नसते तर एकही तंटा मिटला नसता, ही गोष्ट कथानक सांगते आणि कथनकर्ती सांगत नाही. शेवटी मारिया व रॉबिन यांचे लग्नही लावून दिले जाते. ज्या मुलीला लेखिकेने एवढे स्वातंत्र्य दिले तिला दुसरी कोणतीच वाट सुचवू नये, हे खटकते. गावकरी मालकाविषयी सदैव संतुष्ट आहेत. शुभ्र घोडा आणि काळोख्या रानातील काळी माणसे ही रंगांची वाटणी तर आपल्याकडच्या वाचकाला, विशेषतः सावळ्या मुलीला, अस्वस्थ करील. वैऱ्याचे हृदयपरिवर्तन एका रात्रीत होते, हा त्यातल्या त्यात लहान दोष.

खाण्याच्या रेलचेलीवर मात्र आक्षेप घेऊ नये. मार्माड्यूक स्कार्लेट या बुटक्या आचाऱ्याच्या पक्वान्नांच्या याद्या काहींना कंटाळवाण्या वाटतात. कादंबरी १९४६ मध्ये आली, आणि युद्ध संपूनही त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पावावर नियंत्रण आले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या याद्यांतली भूक ऐकू येते. तीही एक अद्भुतनगरीच होती.

भाषांतराचा प्रश्न

ही कादंबरी मराठीत आणू पाहणाऱ्यास पहिली अडचण नावातच येईल. ‘युनिकॉर्न’ तसाच ठेवला तर दप्तरावरचा प्राणी डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘एकशृंग’ म्हटले तर ऋषी आठवतो, ‘एकशिंगी’ म्हटले तर गेंडा किंवा शिंग मोडलेला बैल. वास्तविक गूज यांनीही शीर्षकात युनिकॉर्न हा शब्द टाळला आहे. त्यांनी ‘छोटा पांढरा घोडा’ एवढेच म्हटले आणि शिंग वाचकाला शोधायला ठेवले. मराठीत घोड्याच्या पिलाला ‘शिंगरू’ म्हणतात. व्युत्पत्ती काहीही असो, शिंग नसलेल्या प्राण्याच्या नावात शिंग लपवून ठेवणारा हा शब्द आपल्या भाषेने जणू याच पुस्तकासाठी राखून ठेवला असावा. ‘पांढरे शिंगरू’ या नावाला एक अडचण आहे. शिंगरू आईच्या मागे मागे चालते, आणि मूनएकरच्या रानातला तो घोडा कोणाच्याही मागे चालत नाही. परंतु तेरा वर्षांची, आई नसलेली मारिया त्याला पहिल्या रात्री पाहते तेव्हा तोही तिला आपल्यासारखाच एकटा वाटला असणार. तेवढ्यापुरते ते नाव चालून जावे.